पिवळ्या दिव्याची जबानी

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे आणि मला राग आलेला आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या छत्र्या आणि फाटके बूट शेवटी रडतात, असं ऐकून आहे. मी रडणार नाही. मला डोळे नाहीत, आणि पाण्याशी माझं काय वाकडं आहे ते पुढे कळेलच.

मी एका काळ्या स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डात राहतो. इंजिनाकडे काही बिघडलं की पेटायचं, एवढं एकच काम मला दिलेलं आहे. माझा आकार हुबेहूब इंजिनासारखा आहे, असं कारखान्यातल्या लोकांचं मत. आजवर एकाही माणसाला मी इंजिन वाटलेलो नाही. कुणाला चहाची किटली वाटलो, कुणाला पाणबुडी. लालबागच्या कौसल्या आत्यांना मी नळ वाटलो.

आणखी एक. माझं तोंड मागे, चालकाकडे आहे. गाडीच्या पुढे काय चाललंय ते मला दिसत नाही. तारेतून जे येतं तेवढंच मला कळतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्हीच विचाराल की एवढं घडत होतं तेव्हा तू काय करत होतास. मी पेटत होतो!

माझा जन्म परदेशातला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला एकदा पेटवलं, कागदावर खूण केली आणि पुढच्या दिव्याकडे गेल्या. तिथून बोटीनं मुंबईला आलो. पहिल्या मालकांच्या घरून समुद्र दिसायचा, पण गाडी चालवायचे त्यांचे ड्रायव्हर अण्णा. एकदा भर रस्त्यात एका प्लगची तार सुटली. मी पेटलो. अण्णांनी तिथल्या तिथे गाडी बाजूला घेतली, माझ्या काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बोल बाबा, काय झालं?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं कौतुक इथे संपलं.

दुसऱ्या मालकाचं नाव मी घेणार नाही. मी पेटलो तर त्यानं माझ्यावर काळी चिकटपट्टी लावली. दुखणं सांगणाऱ्याच्या तोंडाला पट्टी, आणि दुखणं तसंच. अकरा महिने मी अंधारात पेटत होतो. मग त्यानं "एकदम टकाटक कंडिशन" अशी जाहिरात देऊन गाडी विकली.

ती घेतली सुशांतनं. वय एकतीस, नोकरी लोअर परळला. नऊ वर्षं पैसे साठवून घेतलेली गाडी. चिकटपट्टी त्याला मळ वाटली आणि त्यानं ती नखानं खरवडून काढली. तेवढ्यापुरता मला तो देवमाणूस वाटला होता. माझी चूक.

पाडव्याला त्यानं गाडी लालबागच्या चाळीत आणली. आईबाप गेल्यावर त्याला त्याच्या मालवणी बोलणाऱ्या आत्यानं, म्हणजे कौसल्या आत्यांनी, तळमजल्याच्या खोलीत वाढवलेलं. चाळीच्या चौकात दिवसभर ऊन असलेला एकच कोपरा होता, आत्यांच्या दारासमोरचा. गाडी तिथे उभी राहिली. गळ्यात झेंडूचा हार. तीनही मजल्यांचे कठडे माणसांनी भरले. सोमवारी सुशांत बसनं ऑफिसला गेला, कारण ऑफिसपाशी गाडी लावायला जागा नव्हती. मंगळवारीही बसनंच. तेव्हा मला कळलं की स्पोर्ट्स कार ही आठवड्यातले सहा दिवस उभी राहण्याची वस्तू आहे.

रोज संध्याकाळी आत्या ओल्या फडक्यानं बॉनेट पुसायच्या. सुशांत वरच्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "बघा, जीव आहे तिचा गाडीवर!"

वरून कुणीच काही बोलायचं नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. लालबागची चाळ गप्प बसते म्हणजे काय?

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही परळच्या पुलावर चढत होतो. अचानक तारेतला विजेचा दाब कोसळला. मी पेटलो. माझ्यासोबत ब्रेकवाला पेटला, स्टिअरिंगवाला पेटला, आम्ही सगळे एका सुरात ओरडलो. सुशांत घामाघूम. दहा मिनिटांनी दाब परत आला आणि आम्ही विझलो.

सोमवारी तो परळच्या कोंडीराम मिस्त्रींकडे गेला. मी गप्प, कारण तेव्हा दाब ठीक होता. ठीक असताना पेटायला मी काय झेंडूचा हार आहे, उगाच मिरवायला?

"कुठे पेटतोय?" कोंडीराम म्हणाले.

"काल पेटला होता."

"मग काल यायचं."

बॅटरी बदलली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग एक सेन्सर बदलला, मग दुसरा. मशीन जोडलं तर त्यात दर वेळी वेगळाच दोष लिहून यायचा. रविवारी आम्ही पेटायचो, सोमवारी गॅरेजात विझलेले असायचो. शेवटी कोंडीरामांनी निदान केलं, "साहेब, गाडी चांगली आहे. दिवा येडा आहे."

येडा! मी!

चाळीला विषय मिळाला. "सुशांत, लायटिंग आत्ताच लावलंस होय रे? गणपतीला अजून चार महिने आहेत!" वरून रोज कुणीतरी ओरडायचं. एकदा आत्यांनी खिडकीतून आत वाकून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "खयतरी नळ गळता हा." सगळी चाळ हसली. आत्या हसल्या नाहीत. फडकं घेऊन निघून गेल्या.

मे महिन्यात वडाळ्याच्या सिग्नलवर गाडी चक्क बंद पडली. मागे बस, बसच्या मागे टँकर, आणि दोघांच्या भोंग्यांत सुशांत एकटा. ढकलायला आलेल्या माणसानं विचारलं, "एवढी महागडी आणि धक्का मारायला लागतो?" त्या दिवशी सुशांतनं ठरवलं, बस्स झालं, विकायची. गिरगावचे कुणी हितेंद्र म्हणून होते, ते रविवारी गाडी बघायला येणार होते. त्यांच्यासमोर मी पेटलो तर सौदा बोंबलला. म्हणून सुशांतनं कोंडीरामांना विचारलं, "हा दिवाच काढून टाकता येईल का?"

नऊ वर्षं ज्या गाडीची वाट बघितली, ती खोटं बोलून खपवायची. आणि त्यासाठी जीव कुणाचा घ्यायचा? खरं बोलणाऱ्याचा. मित्रांनो, माझा राग वाजवी आहे की नाही, तुम्हीच सांगा.

कोंडीराम म्हणाले, "त्याला अख्खा डॅशबोर्ड उघडायला लागतो. माझं काम नाही ते. वडाळ्याला जुई आहे, गाड्यांचं वायरिंग करते, तिच्याकडे जा."

शनिवारी सकाळी आम्ही वडाळ्याला गेलो. जुईचं गॅरेज म्हणजे एक पत्रा आणि त्याखाली वीज मोजायचे चार मीटर. तिनं दार उघडून माझ्यासमोर बसकण मारली.

"दिवा काढून टाका," सुशांत म्हणाला.

"का?"

"खोटा पेटतो."

"कधी पेटतो?"

तिनं "कधी" विचारलं. दोन महिन्यांत इतक्या जणांनी इतके नट पिळले, पण हा प्रश्न कुणाच्या पान्यात नव्हता.

"रविवारी," सुशांत म्हणाला.

"सोमवार ते शनिवार?"

"तेव्हा गाडी उभी असते. चाळीत, उन्हात."

"आणि तिथे काय होतं?"

"काय होणार? काही नाही. आत्या पुसते."

"रोज?"

"रोज."

"उभ्या गाडीला रोज काय पुसते?"

जुई बॉनेट उघडून पुढे गेली. आता मला दिसेना, फक्त ऐकू येत होतं.

"हे बघा. बॉनेटला गरमी बाहेर जायला ही जाळी आहे ना, बरोबर तिच्याखाली अर्थिंगचा बोल्ट. सगळ्या गाडीचा करंट इथून परत जातो. याच्यावर हा थर साचलाय. ओला असला की पकड सुटते, चालवून गरम झालं की वाळतो, आणि गाडी पुन्हा शहाणी. दिवा बरोबर सांगत होता."

दिवा बरोबर सांगत होता! मला हे वाक्य चौकटीत बसवून हवंय.

"पण थर कसला?" सुशांतनं विचारलं. "रंग तर जांभळा आहे."

मग सुशांतची किंकाळी, "अहो, चाटताय काय?"

"मीठ आहे," जुई शांतपणे म्हणाली. "आणि आंबट. कोकणातलं काहीतरी वाटतंय. घ्या, तुम्हीच सांगा."

मग सुशांतचा आवाज आला, लहान मुलाचा असावा तसा.

"आगळ," तो म्हणाला. "आमच्या आत्याचं आगळ आहे हे."

आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्याच फळाच्या, साली त्यात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. झाली आमसुलं. आणि हे सगळं, मित्रांनो, दोन महिने माझ्या पाठीमागे, बॉनेटवर जुनं लुगडं अंथरून चाललं होतं.

जुईनं बोल्ट घासून लख्ख केला. मी काढला गेलो नाही. परतीच्या वाटेवर पहिल्यांदा असं झालं की मी विझलेला आणि सुशांत पेटलेला. स्टिअरिंगवर मुठी आपटत तो वाक्यं पाठ करत होता. "माझी गाडी म्हणजे काय परात आहे?" हे त्यानं तीन वेळा घोटलं.

चौकात शिरलो तेव्हा मला दिसलं नाही, पण मागाहून ऐकलं: गाडीच्या जागेवर, भर उन्हात, जमिनीवर लुगडं पसरलेलं. त्यावर जांभळ्या साली. शेजारी छत्री धरून, कावळे हाकत आत्या. गाडी दुपारी परत येईल असं त्यांना वाटलं नसावं.

"माझी गाडी म्हणजे काय परात आहे?" सुशांत खिडकीतून ओरडला.

आत्या सावकाश उठून खिडकीशी आल्या. त्यांचा चेहरा मला समोर दिसला.

"कित्याक वराडतंस? कळला मा?"

"सगळ्या गाडीचं वाटोळं झालं! मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तीस वर्सां ह्याच जाग्यार सोलां सुकयतंय. पाडव्याक बघतंय तर माज्या उनात तुजी गाडी. गळ्यात हार. नऊ वर्सां तू वाट बघलंस. तुका काय हलव म्हणान सांगू?"

"अगं, पण निदान बोलायचंस!"

"तू इचारलंस?"

सुशांतनं वर पाहिलं, तर तिन्ही कठडे भरलेले. सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. प्रत्येक घरी आमसुलाची बरणी जाते, मग कोण बोलणार?

माझा राग सकाळपासून आत्यांवर होता. तो तिथेच सुटला आणि सुशांतवर जाऊन बसला. गाडी लावायच्या आधी इथे काय असायचं, एवढं तरी विचारायचंस की नाही, गाढवा?

सुशांतनं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "उद्या माणूस येतोय. गाडी जाईल. तुझं ऊन तुला."

"खबरदार गाडी इकलंस तर!" आत्या कडाडल्या. "फरशेर पाच दिस लागतत, वर घुशी. तुज्या गाडयेर दोन दिसात सुकतत. असली सोलां माज्या सासयेनय केल्यान नाय!"

रविवारी हितेंद्र आले. मी विझलेला होतो, इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. त्यांनी विचारलं, "काही प्रॉब्लेम?" सुशांतनं जाळीपासून आगळापर्यंत सगळं खरं सांगितलं, आणि वर सांगितलं की विकायची नाही. हितेंद्र भडकले. आत्यांनी त्यांच्या हातात एक बाटली दिली. "गिरगावातून गाडी बघायला आलो आणि सोलकढीचं सामान घेऊन चाललोय," असं पुटपुटत ते गेले.

आता जाळीवर प्लॅस्टिक, त्यावर उंच कडांचा पत्र्याचा ट्रे, आणि ट्रेमध्ये आमसुलं. रविवारी सकाळी सुशांत स्वतः ट्रे उतरवतो. शेजारच्या सीटवर आत्या बसतात आणि पट्टा लावत नाहीत, त्यामुळे पट्ट्याचा दिवा सारखा ओरडतो. ते त्याचं दुखणं, त्याची कहाणी तो सांगेल.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. छोटा दिवा पेटला तर त्याला येडा म्हणू नका, आणि चिकटपट्टी तर लांबच ठेवा. त्याला विचारा, कधीपासून. आणि न पेटता गप्प बसलेलं कुणी घरात असेल, तर त्याला आधी विचारा. अशांना दिवा नसतो.

चावी फिरवली की मी तीन सेकंद पेटतो, सगळ्याच गाड्यांत पेटतो. हल्ली तेवढ्यात सुशांत माझ्याकडे बघून म्हणतो, "बोल." मग मी विझतो. तेच माझं उत्तर असतं. ते ऐकून घेतल्यावरच तो गाडी हलवतो.