साडेपाच तास फावला वेळ

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं काना-मात्रा गेले पाच आठवडे स्वतःला सांगत होते. राहून वगैरे काही गेलं नव्हतं. पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी ते तीनदा वाचलं, होतं तसं घडी करून पाकिटात घातलं आणि पाकीट कपाटातल्या सगळ्यात जाड शब्दकोशात सरकवून दिलं. घरात दुसरं कुणी ते पुस्तक चुकूनही उघडणार नाही, याची त्यांना खात्री होती.

काना-मात्रा हे नाव त्यांना नोकरीत चिकटलं. एका संशोधन संस्थेत ते ग्रंथपाल होते, आणि संस्थेतून बाहेर पडणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावरून जाई. कुणाचा काना सुटला, कुणाची मात्रा चुकली, की पेन्सिलीची हलकी खूण करून ते कागद स्वतः परत नेऊन देत, तेही असा चेहरा करून, की चूक जणू त्यांचीच. माणूस भिडस्त. चारचौघांत बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दुकानाच्या पाटीवरचं चुकलेलं अक्षर दिसलं की त्यांचा पाय अडखळायचा.

पत्र एका तरुण संशोधक मुलीचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी संस्थेने औषधांच्या एका कारखान्यात पाहणी केली होती. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळताना बायकांच्या आणि पुरुषांच्या तब्येतीवर, मनावर काय परिणाम होतो, असा विषय. तीच पाहणी त्याच कारखान्यात ही मुलगी आता पुन्हा करत होती. तिने लिहिलं होतं:

'सर, जुन्या अहवालात बायकांना रोज साडेपाच तास फावला वेळ मिळतो आणि पुरुषांना तीन, असं छापलंय. मला बायका सांगतात, जेमतेम पाऊण तास. मग बाकीचे तास गेले कुठे? की तेव्हा विचारलंच काही वेगळं होतं? हे सांगू शकेल असं तुमच्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. पुढच्या महिन्याच्या पंचवीस तारखेला माझा अहवाल छपाईला जातोय. तोवर काही कळलं नाही, तर जुने आकडे आहेत तसेच शेजारी छापावे लागतील.'

तेव्हा विचारलं होतं वेगळंच, आणि ते काना-मात्रांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. संचालकांनी मूळ प्रश्न लिहिला होता, 'नोकरी, जाणे-येणे व निद्रा यांव्यतिरिक्त उर्वरित कालावधी किती?' हे वाक्य वाचून काना-मात्रांच्या दाताखाली खडा आला होता. कारखान्यातल्या कामगारांना कुणी 'उर्वरित कालावधी' विचारतं का? त्यांनी त्यावर रेघ मारली आणि वर सुबक अक्षरात लिहिलं, 'रोज फावला वेळ किती?' संचालक खूश झाले. कारखान्यात कुणी अर्थ विचारलाच, तर विचारणारे तोंडी सांगत, की नोकरी, प्रवास आणि झोप सोडून उरेल तो. पुरुष जादा पाळी करत म्हणून त्यांचे तास कमी भरले, बायकांचे जास्त. तोंडी सांगितलेलं हवेत विरून गेलं आणि अहवालात शब्द तेवढा राहिला, फावला.

अहवालाच्या पहिल्या पानावर शेवटची ओळ होती: 'प्रश्नावलीची भाषा सोपी व गोड केल्याबद्दल आमच्या ग्रंथपालांचे आभार.' जन्मभर शब्दांची सेवा करून छापील अक्षरांत त्यांची दखल घेतली गेली ती एवढीच. ते पान ते अजून अधूनमधून उघडून बघत.

आता ही मुलगी नेमकी त्याच ओळीच्या मुळावर उठली होती. आणि गोष्ट नुसत्या ओळीची असती तर त्यांनी एकदाचा जीव मुठीत धरून उत्तर लिहिलंही असतं. पण त्या कारखान्याच्या पॅकिंग खात्यात तेव्हा एक मुलगी होती, गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरणारी. ती पुढे त्यांची बायको झाली.

एकोणीस तारखेच्या सकाळी नातीने पाठवलेलं चित्र टपालाने आलं, नळीसारखं गुंडाळून. ते सपाट करायला बायकोने कपाटातलं सगळ्यात जड पुस्तक ओढलं.

"अहो, हे काय?"

शब्दकोशातून पाकीट खाली पडलं होतं. तिने चष्मा लावला आणि खुर्चीत बसून पत्र सावकाश वाचलं.

"पाच आठवडे झाले की हो! ती पोरगी वाट बघत असेल. एरवी दुकानाच्या पाटीवरची वेलांटी चुकली, तर दुकानदाराला चिठ्ठी देऊन येता तुम्ही."

"लिहिणार होतो."

"कधी, सव्वीस तारखेला?"

त्यांनी शब्दकोश उचलून मिटला. मग म्हणाले, "तो शब्द माझा आहे."

"कुठला?"

"फावला."

त्यांनी सगळं सांगितलं, पडल्या आवाजात. तिने चष्मा काढला, पत्र टेबलावर ठेवलं आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

बायको रागावली की भांडी वाजत, हे त्यांना पाठ होतं. आज एक चमचासुद्धा वाजला नाही. ते उठून आत गेले आणि हाताला लागलेल्या ओल्या फडक्याने कोरड्याच ताटल्या पुसायला लागले.

"आम्ही बायकांनी अर्धा तास लवकर सोडा म्हणून अर्ज केला होता," ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "मॅनेजरने आमच्यापुढे तो अहवाल नाचवला. म्हणाला, साडेपाच तास मोकळ्या असता, आणखी अर्धा कशाला हवा? बावीस वर्षं मी तो अर्धा तास भरला."

"माहीत आहे."

"आणि त्या संचालकाला मी आजवर शिव्या घालत आले."

"हो."

"तुम्ही ऐकून घेत होतात."

"हो."

"ऐकून काय, मान पण हलवायचात!"

जी ताटली त्यांची दुसऱ्यांदा पुसून झाली होती, तीच त्यांनी तिसऱ्यांदा घेतली.

"ठेवा ती खाली, झिजेल," ती म्हणाली. "आधी काय होतं?"

त्यांनी संचालकांचं वाक्य म्हणून दाखवलं.

"ई! कालावधी काय!"

"म्हणून तर मी..."

"बोजड आहे. पण खोटं नाही." ती आता वळली. "माणसं कमी पडली म्हणून तुम्हीच आला होतात ना माझा कागद भरायला? टेबलापाशी उभे, नजर खोक्यांवर. फावला म्हणजे कोणता हो, असं मी विचारलं. तुम्ही सांगितलंत, मी बोटं मोजली, पाच म्हटलं. तुम्ही पाच लिहून मोकळे! पाच तास फावला वेळ असलेली बायको मिळतेय म्हणून केलंत की काय लग्न?"

"शेवटी आणखी एक चौकोन होता," ते हळूच म्हणाले. "आणखी काही सांगायचे आहे का, असा."

"मग? मी बोलले होते त्यात. काय ते आता कुठलं आठवायला."

काना-मात्रांनी फडकं खांद्यावर टाकलं. "'आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. संध्याकाळी घरी गेले की आधी तेच. मग नळाला पाणी असेतोवर कपडे. भाऊ गणितात कच्चा आहे, त्याला घेऊन बसते, पण मलाच डुलकी लागते आणि तो मला उठवत नाही. शहाणा आहे. रविवारी एकदा जिन्यात बसून केस वाळवले, तेव्हा बरं वाटलं. हे लिहू नका.'"

ती जवळ आली.

"हे लिहू नका, हेसुद्धा लिहिलंत?"

"तू बोललीस तसंच लिहिलं. अक्षर बदललं नाही."

"इतकं सगळं पाठ आहे तुम्हाला! आणि तरी वर फावला?"

"मी दोन्ही कधी शेजारी ठेवून वाचलं नाही गं," ते म्हणाले. "वरचं संस्थेचं होतं. खालचं... खालचं मी माझ्यापुरतं पाठ केलं होतं."

बायकोने त्यांच्या खांद्यावरचं ओलं फडकं काढून घेतलं. "सदरा भिजवलात," ती म्हणाली, पण खांद्यावरचा हात तिने लगेच काढला नाही.

मग तिने विचारलं, "बाकीच्या बायकांचे चौकोन?"

"सगळे भरलेले होते. मोजले कुणीच नाहीत, मोजण्यासारखं त्यात काही नाही म्हणाले. रद्दीत निघाले होते, मी गठ्ठे बांधून संस्थेतल्या जिन्याखालच्या खोलीत ठेवले. जुन्या जनगणनेच्या खंडांमागे. तिथे कुणी जात नाही."

"म्हणजे त्या पोरीचे हरवलेले तास तिथे गठ्ठ्यात बांधून पडलेत, आणि तुम्ही इथे शब्दकोशात तोंड लपवून बसलात!"

काना-मात्रा ताडकन टेबलापाशी गेले. पण कागद पुढ्यात आला आणि जुनी सवय उफाळून आली. तासाभराने तिने डोकावून पाहिलं, तर दीड पान भरलं होतं. तिने मोठ्याने वाचलं, "'सदर प्रश्नावलीच्या शब्दयोजनेत अनवधानाने घडलेल्या अर्थच्छटेच्या स्खलनाबाबत...' हे कोण घसरलं म्हणे?"

"मीच."

"मग तसं लिहा ना, की मीच. इतरांना सोपं करून देता, आणि स्वतःची पाळी आली की कालावधी!"

त्यांनी नवा कागद घेतला. 'तो शब्द मी घातला. मूळ प्रश्न नोकरी, प्रवास आणि झोप सोडून उरलेल्या वेळाबद्दल होता. तो वेळ फावला नव्हता. चूक माझी आहे, संचालकांची नाही. जुना आकडा छापलात तर शेजारी हेही छापा.' पुढे जिन्याखालच्या खोलीचा पत्ता, गठ्ठे किती, कुठल्या खंडांमागे. एवढं लिहून पेन थांबलं.

"आता काय अडलं?"

"आभाराची ती ओळ," ते ओशाळून म्हणाले. "जन्मात एकदा छापून आलो. आता पुन्हा येईन तो चुकीसाठी."

"तेव्हा तरी कुठे नाव आलं होतं? नुसतं आमचे ग्रंथपाल. या वेळी पूर्ण नाव घालायला सांगा तिला."

ते हसले, आणि तिने म्हटलं तसं खरोखर लिहिलं. मग कागद तिच्याकडे सरकवून म्हणाले, "तुझा चौकोन तिने वाचला तर चालेल?"

तिने जरा विचार केला. "केसांचं आहे त्यात." आणि मग, "वाचू दे. तेवढाच काय तो फावला होता."

हे वाक्यही त्यांनी तिला विचारून पत्राच्या तळाशी घातलं, तिच्या नावाने.

दुपारी दोघं टपालपेटीपर्यंत चालत गेली. पत्र फटीत अर्धं घालून काना-मात्रा थबकले. पाकीट त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"एकदा वाचून बघायला हवं होतं. घाईत एखादी चूक..."

"राहिली तर राहिली. ती पोरगी काढेल."

मागे पार्सल घेतलेली एक बाई उभी होती. "आजोबा, टाकताय ना?" तिने विचारलं.

"टाकतोय, टाकतोय," ते गडबडून म्हणाले, आणि बोटं उघडली.