गुरुजींचं नेलकटर

कलाबाईंनी आठ दिवस नवऱ्याची शिकवणी घेतली. म्हणजे बघा, ज्या माणसानं छत्तीस वर्षं धामणगाव बढे या गावची पोरं शिकवली, त्या पंजाबराव गुरुजींना वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी बायकोसमोर परीक्षेला बसावं लागलं. शाळेचा जुना फोटो मांडीवर आणि कलाबाईंचं बोट एकेका चेहऱ्यावर.

“हा कोन?”

“चांगला पोरगा होता.”

“अवो, नाव सांगा ना त्याचं!”

“नावानंही चांगलाच असंन.”

कलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. वर्षभरात गुरुजींच्या डोक्यातून नावं निसटत चालली होती. ही गोष्ट फक्त त्यांना आणि लेक सुवर्णाला ठाऊक, असं त्या समजत. आणि रविवारी तर सगळा गाव गुरुजींचा सत्कार करणार होता! पोरगं शाळेत दिसलं नाही की गुरुजी थेट कापसाच्या वावरात जाऊन त्याला नावानं हाक मारत आणि हाताला धरून वर्गात आणून बसवत. तेच गुरुजी भर मांडवात ‘तू कोन बे?’ म्हणाले तर? जन्मभर कमावलेली इज्जत एका घडीत जायची, या धास्तीनं कलाबाईंना घास गोड लागेना.

शिवाय एक गोष्ट त्यांनी सुवर्णालाही सांगितली नव्हती. फोटोतली सगळी पोरं विचारून झाली, पण ‘मी कोन?’ हे विचारायची त्यांची छाती झाली नव्हती. हल्ली गुरुजी त्यांना नावानं हाकच मारत नसत. नुसतं ‘पानी दे वं’ म्हणत.

रविवारी मांडव गच्च भरला. आधी बुद्धवंदना झाली. त्रिशरण, पंचशील गुरुजींनी खणखणीत आवाजात म्हटलं, एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. कसं होईल? पन्नास वर्षं दर पौर्णिमेला विहारात हाच माणूस सगळ्यांकडून म्हणून घ्यायचा. कलाबाईंना जरा हायसं वाटलं आणि त्या ठरल्याप्रमाणे गुरुजींच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या. येणाऱ्याचं नाव हळूच कानात सांगायचं, असा त्यांचा बेत होता.

पहिला आला सरपंच भागवत, हातात शाल घेऊन. कलाबाई वाकल्या.

“भागवत हाय, भागवत! शाळा बुडवून बेशरमाच्या झाडामांगं लपायचा, थो!”

पण कोणा शहाण्यानं गुरुजींच्या पुढ्यातला माईक सुरूच ठेवला होता. कलाबाईंचं गुपित चारी भोंग्यांतून गावभर गेलं. पाठोपाठ गुरुजींचा आवाजही गेला, “कोन भागवत?”

धरणीनं पोटात घ्यावं, असं कलाबाईंना झालं.

तेवढ्यात गुरुजींनी शाल बाजूला सारून भागवतचा हातच धरला. उलटा केला, डोळ्यांजवळ नेला.

“हे काय रे? नखं पाह्य कशी वाढवून राह्यला!” आणि सदऱ्याच्या खिशातून त्यांनी नेलकटर काढलं. “बस खाली!”

पंचावन्न वर्षांचा सरपंच मुकाट मांडी घालून बसला. मग असा हशा उठला की विचारू नका! दर सोमवारी गुरुजी वर्गाची नखं तपासत. ज्याच्या घरी मायबाप दिवसभर मजुरीला, त्याची स्वतः कापून देत. मांडवातला एकही हात त्यांच्या तावडीतून सुटलेला नव्हता. बघता बघता रांग लागली. जो येई तो दोन्ही हात पुढे करी आणि आपलं नाव आपणच सांगे.

“गोकुळ, गुरुजी. चौथी पास, दुसऱ्या खेपेले!”

“पुष्पांजली, गुरुजी.”

“हा रंग शाळेत चालत नाही,” तिची रंगवलेली नखं बघून गुरुजींनी बजावलं. ती स्वतः आता आजी झालेली, पण लाजून लाल झाली.

कलाबाईंनी भागवतला कोपऱ्यात गाठलं. “काऊन रे, तुमाले ठाऊक होतं काय?”

“काकू, सहा महिने झाले, गुरुजी रोज चौकात मले नाव इचारतात. मी रोज सांगतो.”

“आन मले सांगतलं नाही?”

“त्यात सांगाचं काय? माहा सातचा पाढा त्यायनं वर्षभर घेतला. एक दिवस तरी कटाळले का थे?”

उगाच आठ दिवस त्या माणसाचा जीव खाल्ला, असं वाटून कलाबाई परत खुर्चीमागं आल्या. गुरुजींनी वळून पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, कलाबाईंनीही आपले हळदीनं पिवळे झालेले दोन्ही हात पुढे केले. नाव मात्र सांगितलं नाही.

गुरुजींनी ते हात बाजूला सारले.

“तुही नखं घरी कापून देतो, कला,” ते वैतागून म्हणाले. “दिसत नाही का, लाईन केवढी हाय थे!”

माईक अजून सुरूच होता. सगळा मांडव पुन्हा हसला. कलाबाई मात्र खुर्चीमागं मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून आनंदानं हमसून हमसून रडल्या. सुवर्णा धावत आली, तर तिचा हात घट्ट धरून म्हणाल्या, “आयकलं का वं? लाईन मोठी हाय म्हंतात!”