किडा न लागणारी माती

गुरुवारी सकाळी कसबा पेठेतल्या रावसाहेबांच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. दक्षिणा ठेवून तिथल्या मातीची पुडी प्रसाद म्हणून न्यायला लोक जमले होते. दारावर पाटी होती: ‘चपला रांगेत काढाव्यात. देव क्षमा करील, आम्ही करणार नाही.’

रावसाहेबांनी भगवी शाल सावरली, गांडूळखताच्या पिशवीतून एक टपोरं गांडूळ काढलं आणि परसातल्या काळपट मातीवर सोडलं. शेजारी केळीचं पान अंथरलेलं होतं. गांडूळ वळवळलं, आक्रसलं आणि मातीत न शिरता सरपटत पानावर चढलं.

“पाहा!” रावसाहेब गरजले. “क्षुद्र जीवाला या भूमीचं तेज सोसवत नाही! इथे मुंगी नाही, गोम नाही, वाळवी नाही. का? तर ही माती सोवळ्यात आहे!”

गोमेला सोवळं-ओवळं कोणी शिकवलं, असं विचारावंसं कुणालाही वाटलं नाही. सगळ्यांचे हात जोडले गेले. त्यांत पहिले हात कौशल्याताईंचे होते.

त्यांचा विश्वास काही आजचा नव्हता. नवरा गेला तेव्हा रावसाहेबच धावून आले होते. ते दरवर्षी राखी बांधून घेत. लेकीच्या, भाग्यश्रीच्या लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, त्या जागीही तेच होते. आता भाग्यश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला माती खाण्याचे डोहाळे लागले होते.

“ताई, बाजारची माती कशाला?” रावसाहेब म्हणाले होते. “घरचा प्रसाद असताना! बाळ तेजस्वी होईल.”

तेव्हापासून कौशल्याताई रोज परसातली चिमूटभर माती स्वतःच्या हाताने लेकीला भरवत होत्या. भाग्यश्रीच्या पोटात मुरडा येई, तोंडावर रया उरली नव्हती. पण तेज अंगात उतरताना थोडा त्रास व्हायचाच, असं रावसाहेबांनी सांगितलं आणि विषय मिटला.

मिटला नाही तो कौशल्याताईंच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कल्याणीच्या डोक्यात. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची.

“काकू, ज्या मातीत गांडूळ राहत नाही ती माती शुद्ध नसते, आजारी असते.”

“तुम्हा शिकलेल्यांना देवाचं काही बघवत नाही बाई!”

“माझं ऐकू नका. गांडुळांनाच विचारू.”

कौशल्याताईंनी हट्टाने परात आणली. चमत्कार आपल्याच घरात सिद्ध होणार, याचा त्यांना आनंदच झाला होता. एका अर्ध्यात त्यांनी परसातली माती पसरली, दुसऱ्यात तुळशीच्या कुंडीतली. दोन्ही सारख्याच भिजवल्या. मधल्या रेघेवर कल्याणीने मूठभर गांडुळं सोडली आणि वर झाकण घातलं.

सकाळी झाकण काढलं, तर एकूणएक गांडुळं तुळशीच्या मातीत. परसाच्या बाजूला एकही नाही.

“बघितलंस?” कौशल्याताई हरखल्या. “प्रसादाच्या वाटेला गेली नाहीत!”

“बघितलं. मग काकू, तुमची तुळस ओवळी का?”

कौशल्याताईंनी कुंडीतल्या तुळशीकडे पाहिलं. रोज पाणी घालून नमस्कार करायचा ती तुळस ओवळी, आणि जिथे गवताचं पातंही उगवत नाही ती जागा सोवळी? त्यांनी पुन्हा परातीकडे पाहिलं. मग त्या भाग्यश्रीला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. कल्याणीने माती तपासायला प्रयोगशाळेत दिली.

दोन्हीकडून एकच उत्तर आलं: शिसं. मातीत होतं आणि भाग्यश्रीच्या रक्तातही.

“माती कुठलीच खायची नाही, ही तर मुळीच नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “शिसं आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातं. त्याचा बाळाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. किती झालाय, ते आज सांगता येणार नाही.”

शिसं म्हणताच कौशल्याताईंना रावसाहेबांचा बंद पडलेला छापखाना आठवला. अक्षरांचे झिजलेले शिशाचे खिळे तिथे वितळवायचे आणि वरची काळी मळी परसात फेकायचे. हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

“दादांच्या लक्षात आलं नसेल गं,” त्या कल्याणीला म्हणाल्या. “त्यांची सूनही गरोदर आहे. आधी तिला सावध करते.”

रावसाहेब घरात नव्हते. त्यांची सून प्रियदर्शनी ओट्याशी उभी राहून कागदाच्या पुडीतून भाजलेली माती खात होती.

“अगं, थुंक आधी!” कौशल्याताई ओरडल्या.

“परसातली नाही हो मावशी. मंडईतून आणलीय. मामंजींनी शपथच घातली आहे, परसातलं ढेकूळ तोंडाला लावायचं नाही. त्यात छापखान्याचं शिसं आहे म्हणे.”

कौशल्याताई तशाच घरी परतल्या. सुनेला शपथ आणि भाचीला प्रसाद!

पुढच्या गुरुवारी त्यांनी परात भर गर्दीत नेऊन ठेवली.

“दादा, तुमचं गांडूळ कुठून पळतं, ते आज सगळ्यांना दाखवते.”

“ताई, आत चला, बसून बोलू.”

“आत नको. आधी एक चिमूट खा.”

“आज माझा उपास आहे,” रावसाहेब चाचरले.

“मग सूनबाईंना बोलवा. तिला डोहाळे आहेत.”

रावसाहेबांचा चेहरा शालीपेक्षा फिका पडला. “तिचं काय मध्येच...”

“तिला मंडईतली माती आणि माझ्या भाग्यश्रीला ही! मामा म्हणून उभे होतात तिच्या पाठीशी. ठाऊक असून माझ्या हाताने विष भरवलंत!” कौशल्याताईंचा आवाज फाटला. “छापखाना बुडाला, विकायला काही उरलं नाही, तर भाचीला तरी सोडायचं होतं!”

कुणीतरी “जय” म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कल्याणीने परातीवरचं झाकण काढून तुळशीच्या मातीत गोळा झालेली गांडुळं लोकांना दाखवली आणि कारण समजावलं. गांडुळाची कातडी उघडी आणि ओलसर असते. मातीत जे असेल ते तिला लागतं. शिशाने इथली गांडुळं, गोमा, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे एकतर मेले, नाहीतर निघून गेले. पानं कुजवायला कुणी उरलं नाही, म्हणून माती मेली. गांडूळ पानावर चढतं ते जिवाच्या भीतीने. चमत्कार म्हणायचा तर एवढाच.

बायकांनी पदराच्या गाठी सोडून पुड्या बाहेर काढल्या. एकीच्या कडेवर वर्षाचं लेकरू होतं. तिने घाईघाईने पदराने त्याचं तोंड पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.

“मी रावसाहेबांना दोष देईन, पोलिसांतही जाईन,” कौशल्याताई त्यांना म्हणाल्या. “पण माझ्या नातवंडाचं काय झालंय, ते त्याच्या जन्मानंतरच कळणार. तोवर रोज मला हाच घास आठवेल. बायांनो, भाऊ सांगो की बुवा सांगो, पोराच्या तोंडात घालण्याआधी एकदा ‘का’ म्हणून विचारा. मी विचारलं नाही.”