सध्या भागेल असं

"ह्येच का तो आवाज?" शिवलिंगप्पाने विचारले.

"नाही. हे पट्ट्याचं आहे. तुम्ही पट्टा लावला नाहीत म्हणून वाजतंय."

"व्हय व्हय." त्याने काळवंडलेले हात आधी मांडीवरच्या फडक्याला पुसले, मग पट्टा ओढून खटक्यात अडकवला. टुणटुण थांबली. "शाळामास्तर हाय ही गाडी. माणूस बसलं की लागली सांगायला."

प्रेमला हसली. शेजारच्या सीटवर कोणी बसले आणि गाडीने वेग घेतला तरच ती अशी वाजे. एरवी ती सीट रिकामी असे आणि गाडी गप्प असे.

अणदूरची घरे मागे पडली आणि नळदुर्गाकडे जाणारा हमरस्ता मोकळा झाला. "आता बघा. साठच्या पुढे गेलं की डाव्या बाजूनं येतो," असे म्हणून तिने पाय दाबला. गाडी क्षणभर थबकली आणि मग एकाएकी पुढे झेपावली. शिवलिंगप्पा डोळे मिटून, मान कलती करून ऐकत होता. भजनात कोणाचा टाळ चुकतो आहे हे शोधणारा माणूस असाच बसतो. इंजिन एका सुरात चालले होते. रुंद टायरांची रस्त्यावरची सळसळ होती, एवढेच.

"मला तर कायच ऐकू येईना, बाई."

"मघाशी येत होता."

"मग थांबला आसंल."

"असेल," प्रेमला म्हणाली आणि दुभाजक जिथे तुटला होता तिथून तिने गाडी वळवली. आवाज मघाशीही नव्हता, हे तिला ठाऊक होते.

शिवलिंगप्पाचे गॅरेज म्हणजे हमरस्त्याच्या कडेची पत्र्याची शेड, पुढे एक लिंबाचे झाड आणि मागच्या अंगाला दोन खोल्यांचे घर. लिंबाखाली एका जुन्या टायरवर श्रीमंत बसला होता. त्याचा मालवाहू टेम्पो होता. टेम्पो दुरुस्तीला शेडमध्ये नसला तरी श्रीमंत तिथे असेच.

"खंडोबा गेले की नळदुर्गाला," तो म्हणाला. "देवसुदिक दोन म्हैने हलून तिकडं ऱ्हातो. बाईंची गाडी मातर अणदूर सोडंना."

"तू टेम्पो नसला तरी हितंच आसतूस, ते?" शिवलिंगप्पाची बायको गजराबाई चहा घेऊन बाहेर येत म्हणाली. "बाईंचं निदान काम तरी आसतंय."

"माजं काय काम? मी आपला बसायला येतो."

प्रेमलाला या माणसाचे मनातून नवल वाटे. काहीही काम नसताना तो येई, टायरवर बसे, वाटले की उठून जाई आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नसे. गजराबाईने तिच्या हातात चहा दिला. बाकीच्यांना स्टीलचे पेले होते. निळ्या फुलांचा, कानाचा कप तिच्यासाठी वेगळा ठेवलेला असे. तो कधीपासून वेगळा ठेवला जाऊ लागला हे तिच्या लक्षात आले नव्हते. पण आता तो दिसला नसता तर तिला चुकल्यासारखे झाले असते.

या गावातल्या शाळेत प्रेमला तीसएक वर्षे लिपिक होती. तुळजापूरहून सकाळच्या एसटीने यायचे, संध्याकाळच्या एसटीने परतायचे. कार्यालयाला एक खिडकी होती. लोक त्या खिडकीशी दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीच्या कामासाठी येत आणि काम झाले की जात. यात कोणाचे काही चुकते असे तिला वाटले नाही, कारण तिच्या घरची शिस्तही तीच होती. काम नसताना कोणाच्या दारी जाऊ नये, आणि गेलोच तर टेकू नये, असे तिचे वडील विष्णुपंत म्हणत. तुळजापुरातल्या त्यांच्या घरी सहज म्हणून कोणी येत नसे, आणि तीही सहज म्हणून कोणाकडे गेली नव्हती. लग्नाचे वय केव्हा सरले, वडील अंथरुणाला केव्हा खिळले, हे सारे एसटीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये घडून गेले. तिच्या निवृत्तीनंतर काही महिन्यांतच विष्णुपंत वारले.

त्यानंतर ती गाडी चालवायला शिकली. भाचा वरद तिला सोलापूरला जुन्या गाड्यांच्या बाजारात घेऊन गेला. लहानशी, साधी गाडी घ्यायची असे ठरले होते. कोपऱ्यात गडद निळ्या रंगाची, बुटकी, लांबट, परदेशी बनावटीची एक गाडी उभी होती आणि तिची किंमत त्या साध्या गाडीइतकीच होती.

"मावशी, हिच्या नादी लागू नकोस," वरद म्हणाला होता. "ही पळण्यासाठी बनवलेली गाडी आहे. जुनी झाली की अशा गाडीची किंमत उतरते. तिच्या पार्टची उतरत नाही."

त्याचे म्हणणे तिला पटले होते. पण विक्रेत्याने तिला बाहेरच्या रस्त्यावर नेले आणि म्हणाला, "मॅडम, जरा दाबून बघा." तिने दाबले, तेव्हा सीट मागून पुढे आली आणि कोणीतरी पाठीवर तळहात ठेवून, चल, म्हणावे तसे काहीसे झाले. गाडी घेण्याचे हे कारण तिने वरदला सांगितले नाही. सांगण्यासारखे ते नव्हतेच.

वरद म्हणाला ते खरे ठरले. साधे ऑइल तिला चालत नसे. टायर पुण्याहून मागवावे लागत. पेट्रोल तर ती उभ्या उभ्या पीत असावी असे वाटे. तरी प्रेमलाला ते झेपत होते; पेन्शनीला दुसरे तोंड नव्हते. मग इंजिनातले पाणी कमी होऊ लागले. सोलापूरच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये काचेच्या गार खोलीत ती दिवसभर बसली. कॉफीचे यंत्र होते. तिला हाक मारली गेली ती गाडीच्या नंबराने. पाण्याचा पंप आणि त्याच्या सोबतीचे सगळेच बदलावे लागेल, असे सांगून त्यांनी खर्चाचा अंदाज हातात ठेवला. विचार करून सांगते, असे म्हणून ती निघून आली.

त्याच आठवड्यात ती खंडोबाच्या दर्शनाला अणदूरला आली आणि फाट्याजवळ गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. श्रीमंतने टेम्पोला दोर बांधून गाडी इथवर ओढून आणली. गजराबाईने तिच्याकडे निरखून पाहिले.

"दाखल्याच्या बाई न्हवं का तुमी? आमच्या राजेश्वरीचा दाखला तुमीच दिलाता. लई रांग व्हती, तर तुमी म्हनला, पोरीला उन्हात हुबं करू नका."

प्रेमलाला ती रांग आठवत नव्हती, राजेश्वरीही आठवत नव्हती. पण त्या दुपारी तिने या अंगणात बसून गजराबाईसोबत मुगाच्या शेंगा सोलल्या. लेक उमरग्याला दिल्यापासून घर कसे खायला उठते ते ऐकले, आणि स्वतःही बोलली. किती बोलली ते घरी गेल्यावर घसा दुखू लागला तेव्हा तिला कळले.

"दोन रस्ते हायत, बाई," शिवलिंगप्पा तेव्हा म्हणाला होता. "एक, पंप बदलायचा. म्हाग पडंल, पर मग बघायचं काम न्हाय. दुसरा, गळती बुजवून सध्या भागंल असं करून देतो. म्हैना-दीड म्हैना निघंल. पर परत यावं लागंल."

जवळ तेवढे पैसे नव्हते म्हणून तिने दुसरा रस्ता निवडला. पुढच्या खेपेला मात्र ती बँकेत जाऊन पैसे काढून आली होती. पाकीट पर्समध्ये होते, पर्स मांडीवर होती. "काय करू, बाई?" असे त्याने विचारले तेव्हा तिच्या कानात त्याचे मागचेच शब्द होते. परत यावं लागंल.

"सध्या भागेल असं करा," ती म्हणाली होती. त्यानंतर दर खेपेला तिने तेच सांगितले. पाणी पुरेसे असले तर डाव्या बाजूने आवाज येई.

आज चहा झाल्यावर शिवलिंगप्पाने बॉनेट उघडले आणि बराच वेळ आत पाहत राहिला.

"पानी पुन्ना खाली गेलंय. बाई, आसं किती दिस चालायचं? एक डाव पानी संपलं आन् तुमी तशीच हाकली, तर इंजनाचं डोकं वाकडं व्हतंय. मग ही नुसती लोखंडाची पेटी."

"मी काट्याकडे लक्ष ठेवते. आणि पाण्याचा कॅन असतोच डिकीत."

कॅन गजराबाईचा होता, ऑइलचा, दहा लिटरचा. सोडा टाकून घासून तिनेच तो पहिल्या दिवशी भरून दिला होता आणि दर खेपेला भरून देत होती.

"लक्ष ठिवता ते खरं," शिवलिंगप्पा म्हणाला. मग बॉनेट लावत, "दोन दिस गाडी हितंच ठिवा. बघतो काय व्हतंय."

ती एसटीने तुळजापूरला परतली. ते दोन दिवस तिचे बरे गेले. तिने पडदे धुतले, वडिलांच्या खोलीतली जळमटे काढली. गाडी तिथे होती, म्हणजे तिला तिथे जायचे होते.

तिसऱ्या दिवशी ती फाट्यावर उतरून चालत आली तेव्हा गाडी शेडच्या बाहेर, तोंड रस्त्याकडे करून उभी होती. धुतलेली होती. शिवलिंगप्पाने पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेला जुना पंप तिला दाखवला. काढलेला भाग मालकाच्या हवाली करायची त्याची रीत होती.

"बदलून टाकला, बाई. हैदराबादला भंगारात आसलीच ठोकलेली गाडी हाय म्हनून कळलं. एक वळखीचा ट्रकवाला जाऊन पंप घिऊन आला. वापरलेला हाय, पर नव्यावानी. काल उमरग्यापतुर पळवून आनली. टिपूस गळलं न्हाय."

प्रेमला खोक्याकडे पाहत राहिली. "मला विचारायचं तरी."

"इचारलं आस्तं तर तुमी म्हनला आस्ता, सध्या भागंल असं करा." त्याने आवाज खाली घेतला आणि तिच्याकडे न पाहता फडक्याला हात पुसू लागला. "मला काय कळत न्हाय व्हय, बाई? एकट्या मानसानं पेन्शनीवर हत्ती पोसायचा, सोपं हाय का? मजुरी घ्यायची न्हाय. पंपाचं तेवढं द्या, तेबी जमंल तसं."

पर्समध्ये पाकीट होते. किती तरी दिवस ते तसेच होते. पैशाची अडचण कधीच नव्हती, असे तिला म्हणता आले असते. पण मग गाडी इतके दिवस का गळू दिली, हे सांगावे लागले असते; आणि त्यासाठी लागणारे वाक्य तिच्या घरात कधी कोणी बोलले नव्हते. तिने पंपाचे पैसे काढून दिले. मजुरी घ्या म्हणून दोनदा सांगितले. त्याने दोन्ही वेळा मान हलवली.

"फार उपकार झाले," ती म्हणाली.

"उपकार कसले? आता वरीसभर तुमाला हिकडं यायचं काम न्हाय." चांगली बातमी सांगणाऱ्या माणसाचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता.

"लई नुसकान केलंस, अप्पा," श्रीमंत टायरवरून म्हणाला. "बाईंच्या नावानं आमाला साखरेचा चा मिळत व्हता."

"तुला इख देते साखर घालून," गजराबाई म्हणाली आणि प्रेमलाकडे वळली. "त्याचं काय ऐकता, बाई. हुरडा हुईल आता पंधरा दिसांत. या बरं का."

"येईन की," प्रेमला म्हणाली. शाळेच्या खिडकीतून ती लोकांना 'बघते' म्हणत असे, त्याच स्वरात ते उमटले. गजराबाईला ते कळले असावे किंवा नसावे. आज चहा झाला, पण उभ्याउभ्याच. टेकायला काही कारण उरले नव्हते.

तिने डिकी उघडून पंपाचे खोके आत ठेवले आणि कॅन बाहेर काढला. "हा तुमचा. आता लागायचा नाही."

गजराबाई कॅन घेऊन घराच्या मागच्या अंगाला गेली. संपले, असे प्रेमलाला वाटले. ती गाडीत बसली, पट्टा लावला, इंजिन सुरू केले. तेवढ्यात डावीकडचे दार उघडले. गजराबाई कॅन भरून घेऊन आली होती. ओझ्याने तिचा एक खांदा खाली आला होता.

"ऱ्हाऊ द्या सोबतीला. गाडीचं काय सांगता येतंय? हितंच पुढं ठिवते, हाताला घावंल." सीटवर कॅन ठेवून तिने दार लावले आणि पदराला हात पुसत ती मागे सरली. शिवलिंगप्पा तोवर दुसऱ्या कोणाच्या गाडीखाली शिरला होता.

प्रेमला रस्त्याला लागली. काटा बरोबर मध्यावर होता, आणि तिथून तो आता हलणार नव्हता. फाटा आला. एसटीची वाट पाहत ती इतकी वर्षे उभी राहिली होती तो निवारा आला. आत एक म्हातारी गाठोड्यावर बसली होती. निवारा मागे पडला तसा तिने पाय दाबला.

टुण टुण टुण, गाडी वाजू लागली.

तिने आधी स्वतःचा पट्टा चाचपला. तो लावलेला होता. मग तिचे लक्ष डावीकडे गेले. गाडीला कोणीतरी बसले आहे असे वाटत होते.

तिने गाडी कडेला घेतली. कॅन मागच्या सीटच्या पायाशी ठेवता आला असता. ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. आतले पाणी अजून हिंदकळत होते. मग तिने वाकून पलीकडचा पट्टा ओढला, कॅनच्या पोटावरून आणला आणि खटक्यात अडकवला. गाडी गप्प झाली.

आरशात पाहून, इंडिकेटर देऊन तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. तुळजापूरपर्यंत रस्ता मोकळा होता, पण साठच्या पुढे ती गेली नाही. कॅनचे झाकण थोडे सैल होते.