पहिल्या फेरीची वडी

"अहो, निवू द्या जरा," बाई दारातून म्हणाल्या, तोवर मास्तरांनी सुरी चालवली होती. ट्रेमधल्या वडीचा आधी कोपरा गेला, मग कड गेली आणि बघता बघता सगळ्याचा भुगा झाला. बाई युनिफॉर्मचं शेवटचं बटण लावत होत्या, तिकिटांचं मशीन खांद्याला लटकत होतं. त्यांनी ट्रेमध्ये डोकावून पाहिलं.

"हे खायचं की पेरायचं?" एवढं विचारून त्या हसत हसत जिना उतरल्या. पोटात काही न घालता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. एक मशीन, एक लांब टेबल, भिंतीला आरसा. आजूबाजूच्या निम्म्या वस्तीच्या पँटी त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे कुणाचं पोट किती आणि तो किती सांगतो, दोन्ही त्यांना तोंडपाठ. त्यांच्या बायकोला मात्र सगळी वस्ती 'बाई' म्हणायची. ती पहाटेच्या पहिल्या बसची कंडक्टर. डेपोतून निघून गोदामांच्या पलीकडच्या शेवटच्या थांब्यापर्यंत आणि परत, अशा फेऱ्या मारून ती दुपार कलल्यावर घरी यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सकाळचा चहा दोघांनी एकत्र घेतला असेल तर तो सुट्टीच्या दिवशी.

महिन्यापूर्वी बाई बसच्या पायरीवर चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, बाकी काही नाही, सकाळी उपाशीपोटी राहता, ते बंद करा. डेपोच्या साहेबांनी त्यावर कळस केला. पुन्हा असं झालं तर बसवरून काढून पासच्या खिडकीत बसवू, म्हणाले. लोकांना हे बक्षीस वाटलं असतं, पण बाईंचा चेहरा उतरला. त्या रात्री जेवताना त्या मास्तरांना म्हणाल्या, "बसमध्ये अख्खी गाडी मला ओळखते. त्या खिडकीतून फक्त माझे हात दिसतील."

मास्तरांनी ते वाक्य ऐकलं आणि न्याहारीचं खातं स्वतःकडे घेतलं. बाई घरी खायला तयार नव्हत्या, एवढ्या पहाटे घास उतरत नाही म्हणायच्या. म्हणजे बरोबर नेता येईल, उभ्याउभ्या खाता येईल, ताटली-चमचा लागणार नाही असं काहीतरी हवं होतं. दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या लेकीनं फोनवर तोडगा सांगितला, ओट्स आणि फळांच्या वड्या करा. ती जाताना तिचा छोटा ओव्हन मागे ठेवून गेली होती. मास्तर त्यात आजवर दोऱ्याची रिळं ठेवत होते. रिळं बाहेर आली, ओट्स आत गेले.

पहिल्या भुग्यानंतर मास्तर डोकं धरून बसले आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. नवं कापड पाण्यातून काढून आटवून घेतल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही, हे ते आयुष्यभर गिऱ्हाइकांना बजावत आले होते. इथे मात्र वाफ जिरायच्या आत कापायला निघाले. दुसऱ्या खेपेला त्यांनी घाई केली नाही. ओट्स कोरडेच खमंग भाजले. खजूर गरम पाण्यात भिजवून कुस्करला. सफरचंद किसलं, पण त्याचा रस हातानं घट्ट पिळून टाकला, कारण मागच्या वेळी तोच नडला होता. मध, लोणी, मनुका, जर्दाळूचे तुकडे, दालचिनीची चिमूट. सगळं ट्रेमध्ये ओतल्यावर दाबायला वाटी हलकी पडली, तेव्हा त्यांनी दुकानातली जुनी लोखंडी इस्त्री बटर पेपरमध्ये गुंडाळली आणि थंडच्या थंड वरून फिरवली. पँटीची घडी बसावी तशी वडी बसली. कडा तांबूस झाल्यावर ट्रे बाहेर काढला, खिडकीत ठेवला आणि स्वतः मशीनवर जाऊन बसले, हात शिवशिवू नयेत म्हणून.

या वेळी वड्या एकीसारखी एक निघाल्या. बाईंनी डबा नेला आणि दुपारी रिकामा आणला. दुसऱ्या दिवशी रिकामा, तिसऱ्या दिवशी रिकामा. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लेकीला फोन करून त्यांनी तिचीच कृती तिला शिकवली. मध जास्त घालू नकोस, असंही वर ऐकवलं.

ही हवा आठवडाभर टिकली. मग सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर पँट घेऊन आले. कमरेत सैल करून हवी होती.

मास्तरांनी टेप लावला आणि भुवया उंचावल्या. कंपाउंडर लाजले. "सगळी तुमचीच कृपा," ते म्हणाले. "रात्रपाळी संपली की पहिल्या बसच्या परतीच्या फेरीनं येतो ना मी. बाई रोज वडी देतात. परवाच्यात मनुका जरा कमी पडल्या होत्या, एवढंच."

मास्तरांनी तोंडात टाचण्या धरल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर काय बाहेर पडलं असतं कुणास ठाऊक. चौकशी केल्यावर कळलं की एक वडी कंपाउंडरला, एक ड्रायव्हरला, एक गोदामावरच्या वॉचमनला आणि उरलेली एखाद्या रडणाऱ्या पोराला, असा रोजचा हिशेब होता. बाईंच्या वाट्याला काय, असं त्यांनी विचारलं. कंपाउंडर डोकं खाजवत म्हणाले की बाईंना खाताना आपण तरी पाहिलेलं नाही.

मास्तरांना राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. आपली वडी तिला आवडत नाही आणि मन मोडू नये म्हणून ती बोलत नाही, असा त्यांनी अर्थ लावला. विचारण्याऐवजी त्यांनी वडीच बदलायला घेतली. केळं घातलं, ते गिळगिळीत झालं. संत्र्याची साल किसून घातली, ती कडू झाली. अंजीर घातलं, ते उत्तम झालं. ही सगळी खबर त्यांना कंपाउंडरकडून मिळत होती, कारण बाई नुसतंच "छान होती" म्हणत. अंजिराच्या वडीनंतर वॉचमननं खास निरोप धाडला की तीच चालू ठेवा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं. पखाल मात्र चांगली बाळसं धरत होती.

आणि मग एका संध्याकाळी बसचा ड्रायव्हर दुकानात आला. त्याला सगळे 'भोंगा' म्हणत, कारण तो कानात सांगायला लागला तरी रस्त्यापलीकडे ऐकू जाई. त्या दिवशी तो हळू बोलत होता, तेव्हाच मास्तरांनी मशीन थांबवलं. आदल्या दिवशी बाई दांडा धरून पांढऱ्याफटक पडल्या होत्या. भोंग्यानं गाडी बाजूला घेतली, टायर बघायचं नाटक केलं आणि त्यांना बसायला वेळ दिला. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण पुढच्या वेळी येईल. "त्या वड्या आम्ही खातो, मास्तर, मला लाज वाटते," तो म्हणाला. थोडं थांबून त्यानं खरं तेही सांगून टाकलं, "पण नाही म्हणवत नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकान बंद ठेवलं आणि पहिली बस पकडली. बाईंनी त्यांना पाहिलं, क्षणभर थबकल्या आणि तिकीट फाडल्याशिवाय पुढे गेल्या नाहीत. मास्तर मागच्या सीटवर बसून बघत राहिले. घरात कमी बोलणारी त्यांची बायको इथे राज्य करत होती. म्हातारीला हाताला धरून चढवत होती, दारात लोंबकळणाऱ्याला आत ओढत होती, झोपलेल्याला त्याच्या थांब्यावर न चुकता उठवत होती. मास्तरांना तिचा अभिमान वाटला आणि धास्तीही. कारण इतक्या वेळात तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. डबा उघडला तो वाटण्यापुरता.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. भोंगा उतरून कोपऱ्यावरच्या मुतारीकडे गेला. मास्तरही गेले, रांगेत दोघे-तिघे होते. परत आले तर बाई बसमध्येच बसून सुटे पैसे लावत होत्या.

"तू नाही गेलीस?" मास्तरांनी हात पुसत सहज विचारलं.

बाईंनी वर पाहिलं. "कुठे?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मुतारीच्या भिंतीपलीकडे बायकांसाठीचं दार होतं. त्याला गंजलेलं कुलूप होतं आणि फटीतून जुने टायर दिसत होते.

बाईंनी मग सांगितलं, तेही तिकिटाचा दर सांगावा इतक्या साधेपणानं. नोकरीला लागल्यापासून ते दार असंच आहे. साहेब बदलले, कुलूप तेच राहिलं. सांगून झालं, बघू म्हणाले. पोटात अन्न-पाणी गेलं की दुपारपर्यंत जीव टांगणीला, त्यापेक्षा न खाल्लेलं बरं. पहिल्या महिन्यातच शिकल्या त्या.

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं वड्या करत होतात," बाई म्हणाल्या. "आणि नवऱ्याला सांगायची गोष्ट आहे का ही?"

मास्तरांना स्वतःची लाज वाटली, अगदी तोंड लपवावंसं वाटलं. जगाची मापं घेत फिरलो आणि घरातल्या माणसाची अडचण इतकी वर्षं कळली नाही. अंजीर घालू की केळं, याच्यात गुंतून पडलो. बस परत निघाली तेव्हा ते चढले नाहीत. काम आहे म्हणाले.

काम म्हणजे त्यांनी दारोदार फिरायला सुरुवात केली. पंक्चरवाल्याकडे सोय नव्हती. न्हाव्यानं कोपऱ्यावरची मुतारीच दाखवली, जी मास्तर नुकतेच बघून आले होते. रस्त्यापलीकडे एक लेडीज टेलरचं दुकान होतं, तिथे मात्र ते जरा घुटमळले. जेंट्स टेलर आणि लेडीज टेलर यांच्यात किती सख्य असतं, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. दुकानाची मालकीण साठी उलटलेली, चष्म्यावरून बघणारी. तिनं मास्तरांच्या गळ्यातला टेप पाहिला, जो ते काढायला विसरले होते, आणि इथे कारागीर नकोय म्हणून सांगितलं.

मास्तरांनी आडवळणानं सुरुवात केली. बायको कंडक्टर आहे, सकाळची वेळ असते, तब्येत नाजूक झाली आहे, काही सोय असते, काही नसते. त्यांना तो शब्द काही केल्या तोंडातून काढता येईना. म्हातारीनं मशीन थांबवलं. मास्तरांचं वाक्य अजून रस्ता शोधत होतं, तोवर तिनं भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"मागचं दार," ती म्हणाली. "दुकान बंद असलं तरी उघडता येतं. बादली भरलेली असते. कडी जरा वर उचलून लावायला सांगा."

मास्तर किल्ली कधी परत करू विचारायला लागले. तिनं हात झटकला. दुकानात ही सोय बांधून घेईपर्यंत ती स्वतः तहानेली बसून शिवत होती, एवढं तिनं सांगितलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

खरी अडचण घरी आली. बाईंनी किल्ली हातात घेतली आणि परत टेबलावर ठेवली. गाडी उभी करून भर रस्ता ओलांडायचा म्हणजे सगळ्यांदेखत. सगळी बस बघत बसेल. सगळ्यांना कळेल बाई कुठे चालल्या.

"कळू दे," मास्तर म्हणाले. "माणूस आहेस की तिकिटाचं मशीन?"

सकाळी टेबलावर किल्ली नव्हती.

येऊ नका म्हणून बजावलं होतं, तरी मास्तर मागच्या सीटवर होतेच, रीतसर तिकीट काढून. शेवटच्या थांब्यावर लोक उतरले, परतीचे चढले. बाई डबा सीटवर ठेवून खाली उतरल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मग बाईंनी युनिफॉर्म खाली ओढून सरळ केला आणि गाड्यांना हात दाखवत, ताठ मानेनं रस्ता ओलांडला.

बसमध्ये चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी घड्याळ बघितलं. एकजण म्हणाला, चला की, उशीर होतोय. भोंग्यानं इंजिन बंद करून टाकलं आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "बाई आल्याशिवाय गाडी हलणार नाही." हे बहुधा लेडीज टेलरच्या मागच्या दारापर्यंत ऐकू गेलं असावं.

बाई परत आल्या. हात ओले होते, ते त्यांनी रुमालाला पुसले. बाटली तोंडाला लावून पाणी प्यायल्या, मग डबा उघडला. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या कंपाउंडरनी पुढच्या सीटवरून सवयीनं हात पुढे केला.

"आज नाही," बाई म्हणाल्या.

त्या दारात, दांड्याला टेकून, सगळ्या बसकडे तोंड करून खायला लागल्या. सावकाश, अंजीर चावत. बस भरली होती, सगळे बघत होते आणि मागच्या सीटवर मास्तर खिडकीकडे तोंड फिरवून डोळे पुसत होते. शेवटचा घास गिळून होईपर्यंत बाईंनी डबल बेल दिली नाही.