जोडलेले हात

दहा वाजता अनुजाची मीटिंग सुरू व्हायची आणि तिच्या सासूबाईंचं, सुभद्राबाईंचं, बिऱ्हाड स्वयंपाकघरात हलायचं. बिऱ्हाड म्हणजे काय, तर चष्मा, निवडायची भाजी आणि प्लास्टिकचं एक स्टूल. लालबागची चाळ पाडून उंच इमारत झाली, नळाला दिवसभर पाणी आलं, पण खोली मिळाली एकच आणि तिच्यात आता सुनेचं ऑफिस बसलं होतं. मुलगा विनीत सकाळीच कामाला जायचा. मग दिवसभर घरात ह्या दोघी आणि अनुजाच्या लॅपटॉपमधली माणसं.

ती माणसं विमा कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी निस्तरायची आणि अनुजा त्यांची प्रमुख होती. कोणी ठाण्याला, कोणी नाशिकला, बरीचशी मुंबईतच. पण इतक्या वर्षांत एकमेकांच्या दारात कोणी उभं राहिलं नव्हतं. बोलायचं ते पडद्यावर, नाहीतर ग्रुपवर लिहायचं. अनुजा जेवताना डाव्या हाताने लिहायची, कुकरची शिट्टी मोजताना लिहायची. संध्याकाळी तिचे डोळे बघून सुभद्राबाईंना गिरणीतल्या दुसऱ्या पाळीहून परतणारी माणसं आठवायची. पण ती माणसं निदान परतायची तरी. ही जाणार कुठून आणि परतणार कुठे?

लॅपटॉपमधल्या माणसांपैकी राजरत्न नावाचा एक मुलगा रोज मीटिंगला लवकर हजर व्हायचा. अनुजा लॅपटॉप उघडून चहा करायला आत गेली, की पडद्यावर तो एकटाच बसलेला असायचा. समोर माणूस बसलंय आणि आपण बोलायचं नाही, हे सुभद्राबाईंना जमेना. "जेवलस काय रे?" अशी सुरुवात झाली. मग कळत गेलं. मुलगा रे रोडला राहतो, लाकडाच्या वखारींच्या मागच्या वस्तीत. आई नाही. वडील रामजी, गोदीत होते, आता छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेत. वडिलांना मऊ भात कसा करून घालायचा, हे सुभद्राबाईंनी त्याला पडद्यावरूनच शिकवलं.

एक दिवस मीटिंग सुरू झालेली त्यांच्या लक्षात आली नाही. न्हाऊन मोकळ्या केसांनी त्या पडद्याकडे वाकून खोकल्याची चौकशी करत राहिल्या आणि बंगळुरूच्या साहेबांसकट सगळे हसले. साहेबांनी नंतर अनुजाला काहीतरी लिहिलं. ती रागावली नाही. दमलेल्या आवाजात म्हणाली, "आई, घर असलं तरी ते ऑफिस आहे हो." तेव्हापासून स्टूल स्वयंपाकघरात गेलं.

त्या दिवशी सुभद्राबाई आत गवार मोडत होत्या. बाहेर साहेबांचा आवाज चालू होता, निम्मा हिंदी, निम्मा इंग्रजी, पण मतलब कळत होता. राजरत्नचा कितीतरी दिवस पत्ता नाही. रजेचा अर्ज नाही, निरोपाला उत्तर नाही. त्याने आपणहून काम सोडलं असं अनुजाने संध्याकाळपर्यंत लेखी पाठवावं, म्हणजे त्याच्या जागी दुसरा घेता येईल. अनुजा "येस सर" म्हणाली. ते येस सर रोजच्यासारखंच होतं.

मीटिंग संपल्यावर सुभद्राबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"त्या पोराला काढतायत?"

"मी काय करू, आई? एवढे मेसेज टाकले. फोन बंद आहे."

"घरी जाऊन बघितलं कोणी?"

"घर कोणाला ठाऊक आहे त्याचं?"

"रे रोडला आहे. वखारींच्या मागे."

अनुजाने मान वर केली. सुभद्राबाईंनी मग जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलं, बापाच्या दुखण्यापर्यंत. ते दुखणं ऐकल्यावर, त्याने आणखी कुठे काही लिहिलंय का ते बघायला अनुजा एकदम लॅपटॉपकडे वळली. ऑफिसचा एक गप्पांचा ग्रुप होता, वाढदिवसांचा, सुविचारांचा, विनोदांचा. तो ती भराभरा मागे सरकवत गेली. केक गेले, फुलं गेली, आणि मग तिचं बोट थांबलं.

कोणाच्या तरी बाळाच्या बारशाचा फोटो होता आणि त्याच्याखाली राजरत्नने लिहिलं होतं, 'माझे वडील आज पहाटे गेले. काही दिवस येता येणार नाही.' त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं होती. एक रडका चेहरा होता. एकाने तर अंगठा दाखवला होता.

सुभद्राबाईंनी चष्मा सारखा केला. "हे हात कोणाचे?"

अनुजाने हातांवर बोट ठेवलं तशी नावं उमटली. पहिलंच नाव तिचं होतं.

"मी वाचलंच नाही," ती म्हणाली.

"वाचल्याशिवाय हात कसे जोडलेस गो?"

सुभद्राबाईंना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. अनुजा सांगू लागली, की दिवसाला शेकडो निरोप येतात. वर लाल आकडा वाढत जातो. काही दाबल्याशिवाय काम उरकल्यासारखं वाटत नाही. एकाने केक टाकला की सगळे केक टाकतात, कोणी हात जोडले की सगळे जोडतात.

सुभद्राबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. त्यांचा नवरा, दौलत, कापडाच्या मिलमध्ये होता. त्याची आई गेली तेव्हा पहिली पाळी सुटल्यावर खात्यातली माणसं तशीच जिना चढून आली होती, केसांत कापूस घेऊन. कोणी काही बोललं नाही. भिवा नावाच्या, माग चालवणाऱ्या साचेवाल्याने खालच्या नळावरून दोन्ही पिंपं भरून ठेवली. त्या भिवाशी दौलतचं वर्षभर बोलणंही नव्हतं. हे सुनेला सांगावं असं त्यांच्या मनात आलं, पण तिचा चेहरा बघून त्यांनी ते मनातच ठेवलं.

अनुजाने साहेबांना फोन लावला. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. गप्पांचा ग्रुप ही रजा मागायची जागा नव्हे. त्यासाठी वेगळी सोय आहे.

"सर, त्याने सांगितलं होतं. मी प्रमुख आहे आणि मी वाचलं नाही," अनुजा म्हणाली. "लेखी पाठवते. पण त्याचं नाही, माझ्या चुकीचं."

साहेब म्हणाले, त्याचं नाव राहील, पण ही चूक तुमच्या नावावर लागेल, आणि वर्षअखेरीला मला ती धरावी लागेल. अनुजाने बरं म्हटलं. दुपारच्या मीटिंगला आपण नाही, एवढं सांगून तिने लॅपटॉप मिटला. दिवसाउजेडी तो मिटलेला सुभद्राबाईंनी प्रथमच पाहिला.

रे रोडच्या वाटेत दोघींनी वाण्याकडून चहाची पुडी, साखर आणि दूध घेतलं. टॅक्सीत अनुजा म्हणाली, "तिथे काय बोलायचं असतं, आई? मी कधी अशी कोणाकडे गेले नाही."

"काही बोलायचं नसतं. बसायचं."

विचारत विचारत घर सापडलं. दार उघडंच होतं. आत बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती जळत होती आणि बाजूला रामजींचा फोटो टेकवून ठेवला होता. राजरत्न भिंतीला पाठ लावून बसला होता. सुभद्राबाईंना त्याने लगेच ओळखलं आणि तो उठला. अनुजाकडे मात्र तो बघत राहिला. रोजचा चेहरा, पण त्याच्याखाली साडी, चपला आणि पर्स घट्ट धरलेला हात असं अख्खं माणूस त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या उंच आहात?"

अनुजा चपला काढून चटईवर बसली. राजरत्नही तिच्यासमोर बसला आणि शेवटच्या रात्री वडिलांना श्वास कसा घेता येत नव्हता ते सांगू लागला. सुभद्राबाई पुडी घेऊन चुलीपाशी गेल्या आणि त्यांनी तिघांच्या चहाचं आधण ठेवलं.