क्लचचा पाय

पाना थोरल्याच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आपटला, तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

‘नेम चुकला,’ तो म्हणाला आणि पुन्हा इंजिनावर वाकला.

धाकट्याची तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून वाद एकच चालला होता. जुन्या ट्रकचं पेट्रोल इंजिन काढून त्यांनी लॉरीचं डिझेल इंजिन बसवलं होतं. वडाची साल पिंपळाला लावताय म्हणून शेजारी हसले, पण पठ्ठं सुरू झालं तेव्हा खिडक्या थरथरल्या. आता अडलं होतं गिअरबॉक्सवर. जुना असल्या ताकदीपुढे टिकला नसता, त्याचे दात गळून पडले असते. म्हणून दोन आणून ठेवले होते. एक क्लच दाबून हाताने गिअर बदलायचा, लॉरीचाच; दुसरा ऑटोमॅटिक, मोडीत निघालेल्या जीपचा.

खरी गोम वेगळीच होती. मागच्या डोंगरचढाईच्या शर्यतीत ट्रक उलटला आणि थोरल्याच्या डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. त्या पायाने क्लच दाबणं आता जन्मात शक्य नव्हतं. ऑटोमॅटिक बसला तर क्लचच नाही, म्हणजे थोरला पुन्हा स्टिअरिंगवर. हाताचा बसला तर ट्रक धाकट्याचा. बारा वर्षं धाकट्याने चिखलात उतरून चाकांखाली दगड सरकवले होते आणि टाळ्या थोरल्याला पडल्या होत्या. हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, आणि सकाळपासून दोघंही फक्त तेलाच्या तापमानावर बोलत होते.

‘चढावर ऑटोमॅटिक तापून मरेल, दादा.’

‘मोठा कूलर लावू.’

‘उतारावर गाडी धरणार नाही.’

‘खालच्या गिअरला टाकली की धरते. तुलाही माहितीये ते.’

माहीत होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. थोरल्याने कुबडी काखेत घेतली, ऑटोमॅटिकला साखळी अडकवली आणि कप्पीवरून ओढायला लागला. विचारणं नाही, सांगणं नाही. गिअरबॉक्स वीतभर उचलून त्याने साखळी खुंटीला अडकवली, तशी धाकट्याने कुबडीला लाथ घातली.

थोरला तोंडावर पडला, पण पडता पडता त्याने धाकट्याची गचांडी धरली आणि डोकं त्याच्या नाकावर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज धाकट्याला आतून ऐकू आला. मग दोघं तेलात लोळले. थोरल्याने त्याच्या मनगटाचा लचका तोडला, धाकट्याने त्याचं डोकं फरशीवर दोनदा आदळलं आणि हाताला लागला तो जॅकचा दांडा उचलून उभा राहिला. नाकातलं रक्त हनुवटीवरून गळत होतं.

‘मार,’ खाली पडलेला थोरला धापा टाकत हसला. ‘पण डाव्यावरच मार. उजवा राहू दे, ब्रेकला लागेल.’

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं. धाकट्याने दांडा उजव्या गुडघ्यावर मारला. मग आणखी एकदा, तिथेच.

किंकाळी ऐकून वहिनी वरच्या खोलीतून धावत आली. हाड बाहेर आलं होतं, रक्त थांबत नव्हतं. तिने ओढणी काढून मांडीला आवळली आणि ओरडली, ‘भाऊजी, बघताय काय! ट्रक काढा!’

धाकटा खरोखरच धावला. केबिनमध्ये चढला, किल्ली फिरवली. इंजिन गरजलं, अख्खं गॅरेज हादरलं आणि ट्रक बोटभरही हलला नाही. हलणार कसा? इंजिनामागे गिअरबॉक्सच नव्हता. तरी तो वेड्यासारखा क्लच दाबत राहिला.

‘गिअरबॉक्स पडला पायावर,’ थोरला दातांतून बायकोला सांगत होता. ‘साखळी सुटली.’

तिने वर पाहिलं. गिअरबॉक्स साखळीला होता तसाच लटकत होता. मग तिने दांडा पाहिला. सामानाची ढकलगाडी ओढून आणली आणि नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला तिच्यावर घ्यायला लागली. धाकटा उडी मारून मदतीला आला.

‘लांब हो,’ ती म्हणाली.

ढकलगाडी खडखडत रस्त्याला लागली. थोरला शेवटपर्यंत ‘साखळी, साखळी’ म्हणत होता. धाकट्याला वाटलं, त्याने आपल्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो आत येऊन ट्रकच्या मागे गेला, खांदा लावला आणि रडत रडत ढकलायला लागला. ट्रक आता त्याचाच होता, आणि त्याला तो दारापर्यंतही नेता आला नाही.